न फुटणारा हायड्रोमीटर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी तोंड वर करून विचारायला नको. सहा आठवड्यांत आमच्या घरात तीन हायड्रोमीटर फुटले. तिन्ही काचेचे होते आणि तिन्ही फुटले त्यात माझी काडीइतकी चूक नव्हती. चौथा फुटला नाही. खरा घात त्या चौथ्याने केला, आणि त्याचा विषय निघाला की दहा वर्षं झाली तरी माझं डोकं तापतं.

सुरुवात ईस्टरच्या जेवणाला झाली. आमची एकुलती एक फ्रीडेरीके जूनमध्ये हेनिंगशी लग्न करणार होती. हेनिंग जर्मनीच्या पार उत्तरेकडचा, समुद्राकाठचा. तिकडची माणसं दिवसभर चार शब्दांत भागवतात. नोकरी वजनमापं तपासण्याच्या सरकारी कार्यालयात. खाटकाचा तराजू घ्या, पेट्रोलचा पंप घ्या, याचा शिक्का लागल्याशिवाय काही चालत नाही. माणूस वाईट नाही हो. पण मी स्वतः एकतीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढली. आमच्या तालुक्यात कुणाचं कुंपण कुठे संपतं ते माझ्या सहीने ठरायचं. मी दुर्बिणीला डोळा लावायचो आणि समोर दांडी धरलेल्या माणसावर ओरडायचो, "डावीकडे! अजून थोडं डावीकडे!" खात्यात माझं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं, 'आधी शून्य बघा, मग जमीन.' अशा घरात मापं सांगणारा आणखी एक माणूस कशाला हवा होता? म्हणून ओळखीला चार वर्षं झाली तरी मी हेनिंगला 'तुम्ही' म्हणत होतो आणि तो मला 'हेर वोल्फेल', म्हणजे वोल्फेलसाहेब. आमच्याकडे अरे-तुरे सुरू करायचा मान मोठ्याचा असतो, लहानाने वाट बघायची असते. मी त्याला बघू दिली.

तर जेवताना पोल्टरआबेंडचा विषय निघाला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अख्खं गाव जुन्या बशा, कप, कान तुटलेली सूपची भांडी घेऊन नवरीच्या दारात येतं आणि धडाधड आपटून फोडतं. चुरा जितका जास्त तितकं नशीब चांगलं. मग नवरा-नवरीने मिळून तो झाडायचा. आमंत्रण कुणालाच नसतं, येतात सगळे, आणि आलेल्याच्या हातात बिअर द्यावी लागते. पथ्य एकच, काच फोडायची नाही. चिनीमाती फुटली तर सुख येतं, काच फुटली तर आलेलं सुख जातं. माझी बायको रोझविठा बाकी कशावर विश्वास ठेवत नाही, पण याच्यावर ठेवते.

"बिअर मी स्वतः बनवणार," मी म्हणालो. "चाळीस लिटर."

हेनिंगने काटा-चमचा खाली ठेवला. "घरी?" एवढंच म्हणाला. पण ते 'घरी?' माझ्या जिव्हारी लागलं. आमच्या फ्रांकोनियात, बिअरच्या माहेरघरी येऊन, आमच्या टेबलावर बसून, आमचं डुक्कर खात हा समुद्राकाठचा माणूस मला 'घरी?' विचारतो!

फ्रीडेरीके मात्र उठून माझ्या गळ्यात पडली. "बाबा, खरंच? मग मी सगळ्यांना सांगते! माझ्या पोल्टरआबेंडला माझ्या बाबाची बिअर!" आणि तिने सांगितलंही. बेकरीत सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं, पाद्रीबाईंना सांगितलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

तेव्हा घरी बिअर बनवायची तर आधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवावं लागायचं. आपल्याच तळघरात, आपल्याच पातेल्यात काय शिजतंय ते सरकारला सांगायचं! तरी मी कायद्याचा माणूस, फोन केला. पलीकडे एक बाई होत्या.

"बिअर स्वतःसाठी का?" त्यांनी विचारलं.

"पोल्टरआबेंडसाठी."

"म्हणजे स्वतः पिणार नाही?"

"मी पण पिणार! आणि पाहुणे पिणार."

"पाहुणे किती?"

"अहो, पोल्टरआबेंडला आमंत्रण नसतं, किती येतील ते मला काय माहीत?"

"मग चाळीस लिटर हा आकडा कुठून आला?"

मी एकतीस वर्षं सरकारी खुर्चीत बसून लोकांना असले प्रश्न विचारले. पण माझ्या प्रश्नांना काही अर्थ होता! शेवटी अर्ज दोनदा परत आला. एकदा तारीख उलटी लिहिली म्हणून, आणि एकदा 'बिअर बनवण्याचं ठिकाण' या रकान्यात मी रागाने 'पृथ्वी' लिहिलं म्हणून.

आता हायड्रोमीटर. ही म्हणजे एक बंद नळी. खाली जड, वर बारीक मान, मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. दुधात पाणी किती ते बघायला असते ना, तिचीच ही बहीण. बिअरमध्ये सोडली की तरंगते. साखर जास्त असेल तर नळी वर येते, कमी असेल तर खाली जाते, आणि बिअरच्या पातळीला जो आकडा दिसेल तो खरा. बिअर आंबते म्हणजे यीस्ट साखर खातं. ते खाऊन उठलं की मगच बाटल्या भरायच्या. ते पंगतीत बसलेलं असताना बुचं लावली तर आत बसून खात राहतं, गॅस करतं, आणि बाटली बाँबसारखी उडते. म्हणजे सगळा खेळ त्या नळीवर. आणि असली नळी हे गाढव कारखानदार कशाची बनवतात? अंड्याच्या टरफलाइतक्या पातळ काचेची!

पहिली सामानाबरोबर आली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि चष्मा घ्यायला वळलो. गोलच ती, निघाली घरंगळत. खळ्!

"लग्नघरात काच!" रोझविठा दारात उभी. तोंड पांढरंफटक. "ओटमार, लग्नघरात काच फोडलीस तू!"

"मी फोडली? ती स्वतः चालत गेली!"

दुसरी नवी आणली. तिच्याबरोबर उंच मापाचं भांडं होतं, त्यात ती सोडायची. मी सोडली. भांडं रिकामं होतं हे मला मान्य आहे. पण सूचनांच्या कागदावर 'भांड्यात सोडा' असं लिहिलं होतं, 'आधी भांडं भरा' असं कुठेही लिहिलं नव्हतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

तिसरी शेजारच्या पोपने फोडली. अल्फोन्स पोप निवृत्त खाटीक, एकेक बोट सॉसेजएवढं. नवी आणलेली बघतो म्हणाला आणि बघितली. 'टिक्' एवढाच आवाज झाला. वर मलाच शिकवतो, "हे खेळणं आहे रे, ओटमार! आम्ही डुकराचं मांस खारवायचो त्या मीठपाण्यासाठी माझ्याकडे असाच काटा आहे, पितळी. तो घेऊन जा."

"त्यावर मिठाचे आकडे आहेत, अल्फोन्स."

"मग काय झालं? आकडे ते आकडेच. नाहीतर सरळ अंडं टाक. अंडं बुडलं की बिअर झाली. माझा बाप असंच करायचा."

"तुझा बाप बिअर कधी बनवत होता?"

"बिअर नाही रे, मीठपाणी!"

असल्या माणसाशी काय बोलणार?

रोझविठाने त्या दिवशी निक्षून सांगितलं, "या घरात लग्नापर्यंत आता एकही काचेची नळी येणार नाही. तीन झाल्या. चौथी फुटली तर मी चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसणार नाही." तेव्हा टिकाऊ हायड्रोमीटर शोधणं हा माझ्या संसाराचाच प्रश्न झाला.

शहरात एका दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, माझ्याहून तीस वर्षांनी लहान. पहिल्याच वाक्याला मला 'तू' म्हणाला. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही, थेट 'तू'! त्याने आधी एक छोटी दुर्बीण काढली. तिच्यावर दोन थेंब टाकून डोळा लावायचा. मला बरं वाटलं, दुर्बीण म्हणजे माझ्या घरचंच प्रकरण. पण म्हणतो, "बिअर आंबली की ही खोटं सांगते. मग गणित करून खरं काढायचं." खोटं सांगणारं यंत्र विकायला ठेवलंय आणि गणित गिऱ्हाइकाने करायचं! मग त्याने एक बॅटरीवालं काढलं, ते बिअरमध्ये तरंगत पडतं आणि मोबाइलवर निरोप पाठवतं. मी म्हटलं, माझी मुलगी आठवड्यातून एक निरोप पाठवते, बिअरने मला तासाला एक पाठवायची गरज नाही.

शेवटी एका कोपऱ्यात मला तो दिसला. जाड पारदर्शक प्लास्टिकचा हायड्रोमीटर. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'न फुटणारा'.

"खरंच फुटत नाही?" मी विचारलं.

"नाही."

मी तिथेच फरशीवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. दोन गिऱ्हाइकं मागे सरकली. फुटला नाही! सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं.

मेच्या मध्यावर बिअर शिजवली. नव्या काट्याने बरोबर बारा अंश दाखवले. पुस्तकात बारा, काट्यावर बारा. बिअर तळघरात आंबायला ठेवली आणि मी मोकळा झालो. मग काय, जो भेटेल त्याला मी काटा दाखवायला लागलो. पोपला बोलावून अंगणातल्या दगडांवर आपटून दाखवला. टपाल आणणाऱ्या बाईंना दाखवला. रोझविठाच्या समोर तर पहिल्या मजल्यावरून जिन्यात टाकला, खालपर्यंत टणाटणा उड्या मारत गेला. "बघ!" मी वरून ओरडलो. "फुटली का काच?"

"प्लास्टिकला काच म्हणत नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली. या बाईला कशाचं कौतुक म्हणून नाही.

एका रविवारी हेनिंग कॉफीला आला. त्याच्याही पायाशी मी आपटला, जरा जोरातच. त्याने वाकून उचलला, उजेडात धरून त्याच्या मानेकडे बराच वेळ बघितलं.

"हेर वोल्फेल," तो म्हणाला, "आपटल्यावर साध्या पाण्यात सोडून शून्य बघता ना?"

मला. मला विचारलं. माझ्या टेबलावर, माझ्या मुलीसमोर, माझं वाक्य मलाच!

"हे बघा," मी म्हणालो, आणि माझा आवाज बराच चढला असावा, कारण पोपचा कुत्रा भुंकायला लागला, "तुम्ही पाळण्यात होता तेव्हा मी अख्खे डोंगर मोजत होतो! मला शून्य शिकवू नका! तुमचे पेट्रोलचे पंप तपासा जाऊन!"

"बाबा!" फ्रीडेरीके म्हणाली.

हेनिंगने काटा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "केक छान झालाय." हीच ती उत्तरेकडची माणसं. भांडायला सुद्धा साथ देत नाहीत!

आणि शून्य मी बघितलं नाही. खरं सांगतो, त्याने विचारलं नसतं तर कदाचित बघितलंही असतं. पण त्याने विचारल्यावर बघणं म्हणजे हरणं. मी बादलीजवळून तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा मान वळवून पुढे गेलो.

लग्नाच्या आठवड्यात सोमवारी बिअर मोजली, तीन अंश. मंगळवारी मोजली, तीन अंश. पुस्तकात लिहिलं होतं, तीनला थांबते. दोन दिवस एकच आकडा म्हणजे यीस्ट जेवून उठलं. मी बाटलीतल्या फेसासाठी लागते तेवढी साखर घातली आणि ऐंशी बाटल्या भरल्या. बाटल्या पोपच्या तळघरातल्या, तारेच्या बुचांच्या, जाडजूड. मी धुतल्या, भरल्या, एकेक बूच दाबताना फ्रीडेरीकेचं नाव घेतलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आत्ता सांगतोय.

"तळघरात गारठा आहे," पोप म्हणाला. "तिथे फेस धरणार नाही. वर धुण्याच्या खोलीत आण, बॉयलरजवळ." त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याने एक सल्ला पटण्यासारखा दिला आणि नेमका मी तो ऐकला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता रोझविठा केकवर साय लावत होती, फ्रीडेरीके केस बांधून घेत होती, हेनिंग अंगणात बाकं मांडत होता. आणि धुण्याच्या खोलीत ठो झालं.

मग पुन्हा ठो. मग ठो-ठो-ठो! दार उघडलं तर तोंडावर फेसच आला. तारेची बुचं छताला आपटत होती, काचा भिंतीवर तडतडत होत्या, आणि रोझविठाने इस्त्री करून टांगलेला माझा पांढरा सदरा पिवळा झाला होता. मी दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभा राहिलो. मागे एकेक बाटली जात होती आणि प्रत्येक ठोला मला वाटत होतं, ही एक गेली, ही दुसरी गेली.

आणि तेवढ्यात पुढच्या दारातून खण्णकन आवाज आला. पोप! आमच्याकडचे आवाज ऐकून त्याला वाटलं, पोल्टरआबेंड वेळेच्या आधीच सुरू झाला आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. तो बशांचं टोपलं घेऊन धावत आला आणि लागला फोडायला! त्याचं ऐकून समोरच्या घरातली माणसं निघाली. पाच मिनिटांत दारात वीस माणसं, बशा उडताहेत, सगळे ओरडताहेत, "नवरी कुठाय? बिअर कुठाय?"

"थांबा!" मी किंचाळलो. "अजून सुरू झालेलं नाही!"

"मग आत कोण फोडतंय?" पोपने विचारलं.

रोझविठा माझ्या मागून आली, तिने दार फटभर उघडलं, आत बघितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. "काच," एवढंच म्हणत होती. "सगळी काच."

फ्रीडेरीके आली, अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. तिने फेस बघितला, चुरा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर मी पण रागावलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "तू मोजलं होतंस ना?"

"दोनदा," मी म्हणालो. "दोन दिवस."

आवाज थांबल्यावर हेनिंग आत गेला. कपाटावर काटा पडला होता, अर्थातच अखंड. त्याने धुण्याची बादली नळाखाली भरली, काटा पाण्यात सोडला आणि खाली बसून बघत राहिला. मी पण बघितलं. साध्या पाण्यात शून्याची रेघ बरोबर पाण्याच्या पातळीला यायला हवी. ती तीन अंश पाण्याखाली होती. आपटून आपटून आतली कागदी पट्टी नळीत खाली घसरली होती. म्हणजे माझे तीन अंश खरे सहा होते. यीस्ट जेवून उठलं नव्हतंच, थंडीने पानावर बसल्या बसल्या पेंगत होतं. आणि मी त्याला आणखी साखर वाढून बॉयलरजवळ नेऊन बसवलं.

आमची नजरानजर झाली. दारात सगळं गाव माना लांब करून उभं होतं.

"काय झालं?" रोझविठाने विचारलं. "काटा बिघडलाय का?"

हेनिंग उठला. हात पुसले. "काटा ठीक आहे," तो शांतपणे म्हणाला. "बाटल्या जुन्या होत्या."

"माझ्या बाटल्या?" पोप म्हणाला. त्याच्या हातात शेवटची बशी होती, ती तशीच खाली आली. एवढा थोराड माणूस, पण तोंड एवढंसं झालं. "माझ्या बाटल्यांनी फ्रीडेरीकेचं..."

मी इथे खरं बोलायचं ठरवलं आहे, तर हेही सांगतो. दोन क्षण मी गप्प बसलो. पोपच्या माथी काहीतरी मारायची संधी मी पंचवीस वर्षं शोधत होतो. सरकारी वजनमापं खात्याच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली होती. मान हलवली की माझी इज्जत वाचत होती.

आणि मग मला असा राग आला, असा राग आला, की ईस्टरपासूनचे सगळे राग त्याच्यापुढे काहीच नाहीत. मला वाचवायला हा खोटं बोलतो? ज्याचं आयुष्य खरं माप सांगण्यात जातं तो माझ्यासाठी खोटं माप सांगतो, आणि मी ते घेऊ?

"खोटं बोलू नकोस!" मी ओरडलो. "लाज नाही वाटत तुला? शून्य बघ! तीन खाली आहे! तूच म्हणाला होतास, पाण्यात घालून बघा, आणि मी बघितलं नाही! अल्फोन्स, तुझ्या बाटल्या चांगल्या होत्या! मी गाढव आहे! लिहून घ्या सगळ्यांनी!"

फेस तेवढा बारीक आवाज करत खाली बसत होता.

"बाबा," फ्रीडेरीके हळूच म्हणाली, "तू त्याला 'तू' म्हणालास."

एकदा दिलेला 'तू' परत घेता येत नाही, आमच्याकडे तसला अर्जच नाही. आणि हेनिंग, तो चार शब्दांचा माणूस, लाल झाला होता आणि हसू दाबत होता.

सतरा बाटल्या शाबूत राहिल्या. त्या पोपने अंगणाच्या टोकाला जाऊन उघडल्या, अंगात खाटकाचा चामडी एप्रन, हातात लोखंडी जाळीचा हातमोजा. प्रत्येक बाटलीमागे अर्धी बिअर आकाशात गेली. उरली ती गोड होती, पातळ होती आणि तिची चव भलतीकडेच जात होती. ती फ्रीडेरीके हातात पेला घेऊन दारोदार फिरल्यासारखी सगळ्यांना चाखवत होती, "माझ्या बाबाची आहे, घ्या ना." कुणी नाही म्हणालं नाही. मग पोपने स्वतःच्या घरून दोन पिंपं आणली.

संध्याकाळी झाडायची वेळ झाली. दारात चिनीमातीचा ढीग, आत काचेचा. रोझविठा काचेकडे बघेना. तेव्हा फ्रीडेरीकेने झाडू घेतला, हेनिंगने दुसरा घेतला, आणि त्यांनी आतली काच लोटत लोटत दारात आणली आणि चिनीमातीच्या ढिगात मिसळून टाकली. कुठला चुरा कुठला ते मग कुणालाच सांगता येईना. रोझविठा बघत राहिली, मग नाक पुसून केर भरायचं सूप आणायला आत गेली. ते तिने आणून माझ्या हातात दिलं.

मी खाली वाकून सूप धरलं. हेनिंगने झाडू थांबवला, एक डोळा बारीक करून बघितलं.

"ओटमार," तो म्हणाला, "थोडं डावीकडे धर."

एकतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दात-ओठ खात सूप थोडं डावीकडे सरकवलं.

"अजून थोडं," तो म्हणाला.